मूठभर स्क्रूंचे पुरुमेंत

वैशाखाचे ऊन तापू लागले, की गोमंतकातल्या घराघरांतून पुरुमेंताची धांदल सुरू होते. मिरच्या वाळतात, आमसुले उन्हात पडतात, खारवलेल्या कैऱ्या बरण्यांत जातात, सुक्या मासळीचा वास ओसरीभर दरवळतो आणि लाकूडफाटा पडवीत रचला जातो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे मिळणार नाही, किंवा मिळाले तरी आणायला बाहेर पडता येणार नाही, ते आधीच घरात हवे, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. या यादीत आम्ही आज एका अगदी क्षुद्र वस्तूची भर घालू इच्छितो. ती वस्तू म्हणजे मूठभर चांगले स्क्रू. वाचक हसतील, हे आम्ही जाणतो. आमच्या सौभाग्यवतीही एके काळी हसल्या होत्या. परंतु २०२१ सालच्या मे महिन्यापासून आमच्या घरात या विषयावर कोणी हसत नाही.

ती हकीकत आधी सांगतो. त्या वर्षी १६ मे रोजी, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. माड उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अंधारात बुडाली. आमच्या अंगणावर पत्र्याचा मांडव आहे. तो बांधताना सारे काम मेस्ताने केले होते. फक्त रस्त्याच्या बाजूची शेवटची रांग राहिली होती. मेस्ताला दुसरीकडे जावे लागले आणि आम्हांला धीर धरवला नाही. यंत्र मागून आणले आणि ती रांग आम्ही आपल्या हातांनी बसवली. बारा स्क्रूंपैकी पाच स्क्रू, कितीही पिळले तरी, नुसतेच फिरत राहिले. ‘बाकीचे सात आहेत की,’ असे म्हणून आम्ही शिडीवरून खाली उतरलो.

वादळाच्या सकाळी त्या रांगेचा एक पत्रा सुटला, कुंपणावरून उडाला आणि समोरच्या घराच्या फाटकाशी जाऊन आदळला. त्या जागी रोज वाड्यावरची मुले क्रिकेट खेळतात. ते दिवस कोविडच्या संचारबंदीचे होते, वर वादळाची धास्ती होती, म्हणून रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. समोरच्या काकींनी आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. पाऊस थांबल्यावर त्या फाटकापाशी येऊन एवढेच म्हणाल्या, “तुमचा पत्रा घेऊन जा हो. मुलं आज घरात होती.”

चार दिवसांनी मेस्त आला. त्याने ती पाच भोके पाहिली, बोट घालून चाचपली आणि म्हणाला, “बाब, स्क्रू फिरत राहिला म्हणजे त्याने धरायला नकार दिला. तेव्हाच थांबून त्याला विचारायचं होतं, का म्हणून.”

त्या ‘का’चा शोध आम्ही तेव्हापासून घेत आहोत. जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

नटबोल्टची जोडी आपण सारेच जाणतो. बोल्टला बाहेरून आटे, नटला आतून आटे. दोन्ही कारखान्यात पाडलेले. ज्याला बाजारात सेल्फ टॅपिंग स्क्रू म्हणतात, त्याला नट नसतो. तो ज्या वस्तूत शिरतो, तिच्याच अंगात आपल्यासाठी आटे पाडून घेतो. त्यासाठी त्याचे पोलाद भट्टीत तापवून वरून कठीण केलेले असते. या कठीणपणाची दुसरी बाजू अशी, की तो वाकत नाही, तडकन मोडतो. आटे पाडण्याच्याही दोन रीती आहेत. काही स्क्रू समोरचा पदार्थ दाबून, बाजूला सारून आटे उमटवतात. कीस पडत नाही. काहींच्या टोकाशी एक चीर असते, तिची धार पदार्थ कापत जाते आणि बारीक कीस बाहेर येतो. जो पदार्थ दाबला असता सरकतो, त्याला पहिला प्रकार मानवतो. जो दाबला असता तडकतो, त्याला दुसरा. याखेरीज ज्याचे टोक बारीक ड्रिलसारखे घडवलेले असते, तो भोकही आपणच पाडतो. त्याला सेल्फ ड्रिलिंग म्हणतात. दुकानात ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. तेव्हा नावावर न जाता पुडीतला स्क्रू हातात घेऊन त्याचे टोक पाहावे, हे उत्तम.

म्हणजे नट जो आधार देतो, तो इथे प्रत्यक्ष वस्तूने द्यायचा असतो. आमची सर्वांत मोठी समजूत चुकली ती इथेच. आम्ही स्क्रूची ताकद पाहत होतो. पाहायला हवी होती त्या भोकाच्या काठाची. स्क्रू सहसा तुटत नाही, काठ सुटतो. आणि काठ पत्र्याचा आहे, प्लॅस्टिकचा आहे की लाकडाचा, यावर स्क्रू कोणता, भोक केवढे आणि पीळ किती, हे सारे ठरते.

मापाची भाषा आधी पाहू. दुकानदार नंबर सांगतो, पुडीवर पुष्कळदा मिलिमीटर असतात. ४ नंबर म्हणजे २.९ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे ३.५, ८ म्हणजे ४.२, १० म्हणजे ४.८, १२ म्हणजे ५.५ आणि १४ म्हणजे ६.३. ही जाडी आट्यांच्या बाहेरच्या कडेची. आट्यांच्या आतला जो दांडा, त्याला आपण गाभा म्हणू. तो अर्थातच बारीक असतो. भोक पाडायचे ते या गाभ्याच्या अंदाजाने. एक सोपी युक्ती सांगतो. स्क्रू उजेडाकडे धरावा आणि त्याच्यापुढे ड्रिलचे पाते उभे धरावे. पात्याने गाभा पुरता झाकला जावा आणि दोन्ही बाजूंना आटे तेवढे डोकावत राहावेत. कोष्टक नसले तरी एवढ्यावर घरचे बहुतेक काम निभावते.

आता पत्र्याकडे वळू. कपाटाचे दार, पेटीची कडी, लोखंडी खोके ही घरातली नेहमीची कामे. पातळ पत्र्यात स्क्रूचा एखादा-दीड आटाच काय तो रुततो. सारा भार तेवढ्यावर. म्हणून इथे भोक मोठे पडले, की खेळ संपला. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यात ८ नंबरसाठी सुमारे ३.२ मिलिमीटरचे भोक पुरते. पत्रा दोन मिलिमीटरचा असेल, तर ते थोडे मोठे, साडेतीनच्या घरात न्यावे, नाहीतर स्क्रू अडकून मोडेल. भोकाआधी अणकुचीदार पंचाने ठोकून एक खळगी करावी, म्हणजे पाते निसटत नाही. अगदीच पातळ पत्रा असेल, तर ड्रिल न वापरता पंचानेच भोक पाडणे बरे. काठ आतल्या बाजूला दुमडतो आणि आट्यांना धरायला जास्त धातू मिळतो. दोन पत्रे जोडायचे असतील, तेव्हा वरच्या पत्र्यातले भोक स्क्रू मोकळा जाईल इतके मोठे ठेवावे आणि खालच्यातले लहान. दोहोंतही आटे पडले, तर मधली फट कायम राहते. स्क्रू दोघांनाही धरतो, पण जवळ ओढत नाही. टोकदार स्क्रू अशा पातळ कामासाठी, कारण भोके थोडी मागेपुढे असली तरी टोक वाट शोधते. बोथट टोकाचे स्क्रू जाड धातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये, आधी नीट पाडलेल्या भोकासाठी असतात.

ॲल्युमिनियम हा आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांचा धातू. तो मऊ आहे. लोखंडी पत्र्यापेक्षा त्यात भोक किंचित लहान ठेवावे आणि शेवटचे वेढे यंत्राने न देता हाताने द्यावेत. परंतु समुद्राजवळच्या घरांत खरी गोम वेगळीच आहे. खारट दमट हवेत साधा जस्ताच्या मुलाम्याचा स्क्रू थोड्याच पावसाळ्यांत तांबूस होतो आणि त्याचा ओघळ चौकटीवर उतरतो. म्हणून स्टेनलेस घ्यावा. त्यातही ३०४ जातीपेक्षा ३१६ जात खाऱ्या हवेला अधिक तोंड देते. ४१० जात कठीण असल्याने आटे चांगले पाडते, मात्र गंजाच्या बाबतीत या दोघींच्या मागे आहे. ४१० ला लोहचुंबक घट्ट चिकटते, ३०४ ला जवळजवळ नाही. एवढी परीक्षा घरी करता येते. दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांतला एक झिजतो. इथे झिजणारे ॲल्युमिनियम असते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. मोठ्या चौकटीत लहानसा स्टेनलेस स्क्रू असेल, तर ही झीज मंद राहते. तरीही माथ्याखाली नायलॉनची चकती आणि आट्यांना थोडे ग्रीस, एवढी काळजी घेतलेली बरी.

प्लॅस्टिकविषयी विशेषतः आमच्या भगिनींनी ऐकावे, कारण मिक्सर, मुलांची खेळणी, भिंतीवरचे घड्याळ, सारे याच पंथाचे. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू शिरण्यासाठी आत एक पोकळ खांब केलेला असतो. त्यासाठीचे स्क्रू निराळे: आटे दूरदूर आणि धारदार, गाभा बारीक. पत्र्याचा जाड स्क्रू तिथे कोंबला, तर त्याचे बसके आटे खांबाला बाहेर रेटतात आणि तो उभा चिरतो. नवे भोक पाडायचेच झाले, तर स्क्रूच्या जाडीच्या सुमारे आठ दशांश ठेवावे. बॅकेलाइटसारखा ठिसूळ पदार्थ दाबून सरकत नाही. त्याला टोकाशी चीर असलेला, कापत जाणारा स्क्रू हवा. आणि तेल लावू नये. काही प्लॅस्टिके तेलाने तडकतात.

पण याहून मोलाची गोष्ट दुसऱ्या वेळची. मिक्सर एकदा उघडून पुन्हा बंद करताना काय होते? स्क्रू भोकावर ठेवून आपण लगेच आवळू लागतो. तो जुन्या आट्यांत न बसता त्यांना आडवा कापत नवे आटे पाडतो. असे दोनतीनदा झाले, की जुने-नवे सारे आटे भुगा होऊन निघतात आणि मग स्क्रू फिरत राहतो. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. स्क्रू भोकावर ठेवावा आणि आधी उलटा, डावीकडे, हलक्या हाताने फिरवावा. एका जागी ‘टक्’ असा बारीक धक्का बोटांना जाणवतो. आट्याचे तोंड आट्याला मिळाले, अशी ती खूण. तिथून सरळ आवळावे. ही रीत पत्र्यालाही लागू आहे आणि लाकडालाही. आम्हांला ती कळली तेव्हा वयाची साठी उलटली होती. तोवर आम्ही किती खांबांचा भुगा केला असेल, याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींपाशी आहे. आटे गेलेल्या खांबात जाड स्क्रू घालण्याचा मोह टाळावा. खांब आत खोल असेल, तर त्याच जाडीचा थोडा लांब स्क्रू न वापरलेल्या भागात पकड घेतो. मात्र तो पलीकडे कशाला टोचत नाही ना, हे मोजून पाहावे. विजेच्या उपकरणात जादा लांबीचा स्क्रू तारेचे वेष्टण फोडू शकतो आणि मग साऱ्या पेटीत वीज उतरते. तिथे मूळ लांबीच राखावी, आणि उघडण्याआधी प्लग काढलेला असावा, हे सांगणे नलगे.

लाकूड हा स्क्रूचा जुना सोयरा. सागवान, शिसम, फणस यांसारख्या लाकडांत गाभ्याएवढे भोक आधी पाडावे; मऊ लाकडात त्याहून थोडे लहान. वरच्या फळीतले भोक इथेही मोकळे हवे. आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळले, की स्क्रू सुखाने जातो. साबण चोळण्याची रीत आहे, पण साबण ओल धरतो आणि आमच्या हवेत तेवढे निमित्त गंजाला पुरते. पितळी स्क्रू नाजूक. शिसमात तो मधेच मोडतो. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी आतबाहेर करून आटे पाडून घ्यावेत आणि मग पितळी बसवावा. हल्ली काळे जिप्सम स्क्रू स्वस्त मिळतात आणि सुतारही ते सर्रास वापरतात. ते आहेत जिप्समच्या तक्त्यांसाठी: विरळ आट्यांचे लाकडी पट्टीवर, दाट आट्यांचे पातळ लोखंडी पट्टीवर. दाराच्या बिजागरीचा भार त्यांच्यावर टाकू नये. माथा तुटून हातात येतो, आणि पावसाळ्यात त्यांचा काळा लेप गंजाला फार काळ अडवत नाही. बिजागरीचे भोक सैल झाले असेल, तर आगपेटीच्या काड्या गुल तोडून, सुताराच्या गोंदात बुडवून त्यात ठोकाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात आणि मग तोच स्क्रू पुन्हा घालावा.

आवळण्याच्या हत्याराबद्दल दोन शब्द. चौफुलीच्या माथ्याचे स्क्रू हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणले. या चौफुलीचेही नंबर असतात. २.९ मिलिमीटरच्या स्क्रूला १ नंबरचे, ३.५ ते ४.८ ला २ नंबरचे आणि त्याहून जाडाला ३ नंबरचे टोक लागते. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवू गेले, की चौफुलीची वाटी होते; मग तो ना आत जातो, ना बाहेर येतो.

आता पुन्हा आमच्या मांडवावर चढू. पूर्वी पत्रे वाकड्या हुकांनी आणि डांबरी वायसरांनी बांधत. हल्ली षटकोनी माथ्याचे, रबरी वायसर घातलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरतात. त्यांच्या टोकाचा ड्रिलचा भाग खालच्या लोखंडी पाइपाच्या जाडीपेक्षा लांब हवा. भोक पूर्ण पडून झाल्यावरच आट्यांनी लोखंडाला स्पर्श करायचा असतो. आटे आधी पोहोचले, तर ते स्क्रूला ड्रिलच्या गतीपेक्षा वेगाने आत ओढू पाहतात आणि एकतर आटे निघतात, नाहीतर स्क्रू मोडतो. यंत्र सरळ उभे धरावे, दाब सारखा ठेवावा, आणि वायसर पत्र्याला टेकून किंचित फुगला, की त्या क्षणी थांबावे. वायसर चिरडून बाहेर आला, तर पाणी आत येणार. टेकलाच नाही, तरीही येणार. आम्ही थांबलो नव्हतो. यंत्राच्या जोरात, नुकतेच पडलेले आटे आम्हीच पाइपातून खरवडून काढले होते. मेस्ताच्या ‘का’चे उत्तर एवढेच होते.

पन्हळी पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर मारतात, कारण पाणी खोलगटातून वाहते. कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू अधिक जवळ हवेत. वारा खालून पत्रा उचलतो आणि वरूनही ओढतो, आणि ही ओढ कडांशीच सर्वांत जास्त असते. आम्ही जी रांग घाईने उरकली, ती नेमकी कडेची होती. काम झाल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस झाडून काढावा, नाहीतर पहिल्याच पावसात त्याचे गंजाचे डाग पडतात. जुन्या घरावर ॲस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे असतील, तर मात्र स्वतः भोके पाडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. ते काम जाणकारावर सोपवावे.

आणि फिरत राहणाऱ्या स्क्रूचे काय करावे? तो काढावा. लोखंडात आटे गेले असतील, तर त्याच भोकात पुढच्या जाडीचा स्क्रू घालावा, ५.५ च्या जागी ६.३. तोही धरत नसेल, तर दोनतीन इंचांवर, अर्थात उंचवट्यावरच, नवा मारावा आणि जुने भोक लांबीने नीट बुजवावे. हे जागच्या जागी करायचे, तर जवळ जादा स्क्रू असावे लागतात. त्या दिवशी आमच्या पुडीत ते नव्हते, आणि दुकान चार मैलांवर होते. इतक्या लहान कारणासाठी आम्ही पाच स्क्रू तसेच सोडले.

म्हणून पुरुमेंताच्या यादीत आता आमच्याकडे एक बरणी असते: मांडवाच्या मापाचे दोन डझन स्क्रू, एका मापाने जाड एक डझन, थोडे वायसर, आणि पत्रा, प्लॅस्टिक व लाकूड यांच्या वेगवेगळ्या पुड्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेले. बरणी कैऱ्यांच्या शेजारीच राहते. दरवर्षी मृगाआधी आम्ही शिडीवर चढून रस्त्याच्या बाजूची रांग हाताने तपासतो, आणि सौभाग्यवती खाली शिडी धरून उभ्या राहतात. समोर मुलांचा खेळ चालू असतो. एखादा चेंडू पत्र्यावर येऊन आदळतो. वरून आम्ही ओरडतो, ती पळतात, आणि काकी आपल्या फाटकातून विचारतात, “किती झाले हो?”

“बाराच्या बारा धरून आहेत, काकी,” असे आम्ही सांगतो. पण शेवटचा स्क्रू तपासून झाल्याखेरीज नाही.